रूटकाका

रूटकाकांना डोंगराची आवड आहे, असं सेलवासात सगळे म्हणतात. वकिलाला न्यायाची आवड असते म्हणण्याइतकंच ते खरं. काकांना आवड आहे ती वाटांवरच्या वादाची. डोंगराला माथा एकच असतो, त्यावर कोण काय बोलणार? वाटा मात्र चार असतात, आणि आपण चाललोय ती सोडून उरलेल्या तीन कशा सरस होत्या हे पटवून देण्यात काकांची निम्मी हयात गेली. उरलेली निम्मी वाट चुकण्यात गेली, पण तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो.

त्यांचं नाव अर्थातच हे नाही. कंपनीच्या मस्टरवर चांगलं देवाचं नाव होतं. पण आमच्या ट्रेकवाल्या कंपूतल्या कुणा पोराने एका शनिवारी रात्री सहज विचारलं, "काका, उद्या रूट कुठला?" काका तासभर बोलले. पोरगं झोपलं, उठलं, तेव्हा काका 'तिसरा पर्याय' वर आले होते. तेव्हापासून देवाचं नाव मागे पडलं.

अंगाने काटक, साठी ओलांडलेली, पोटऱ्या बघाव्यात तर चाळिशीतल्या. पायात अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर त्याच बुटांची पकड खरी, असं त्यांचं ठाम मत आहे आणि या एका मताला आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही. गळ्यात शिट्टी. खांद्याला खाकी पिशवी, आणि पिशवीत सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट. हे कागद म्हणजे काकांचं दैवत. आपल्याकडची गंमत अशी, की वीस अंशांच्या अक्षांशावर एक शीट संपतं आणि दुसरं लागतं. म्हणजे सेलवास, खानवेल, दुधनी हे सगळं 46 एच आणि त्याच्या शेजारच्या शीटवर, आणि त्र्यंबकजवळचा हरिहर, ब्रह्मगिरी, खाली हरिश्चंद्रगडापर्यंतचा मुलूख 47 ई वर. काकांनी हे सगळे कागद एकमेकांना जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीने जोडलेत. घड्यांवर कागद इतका विरलाय की मोखाड्याच्या खाली एक अख्खी वाडी भोकात गेली आहे. "ती वाडी आता तिथे नाहीच," असं काका म्हणतात, त्यामुळे भोक पडलं हे बरंच झालं.

पिशवीत एक पांढऱ्या सुताची गुंडीही असते. नकाशावर वाटेच्या वळणावळणाने सूत लावायचं, मग ताणून पट्टीवर मोजायचं, की अंतर कळतं. मोबाइलवर हे काम बोटाच्या एका टिचकीने होतं, हे त्यांना अनेकांनी सांगून पाहिलं. मोबाइलमधल्या निळ्या ठिपक्यावर त्यांचा विश्वास नाही. "तो ठिपका तू कुठे आहेस ते सांगतो. तू कुठे असायला हवा होतास, ते सांगतो का?"

सूत कंपनीतलं. काकांची नोकरी इथल्या पॉलिस्टर धाग्याच्या कारखान्यात, टेक्स्चरायझिंग मशीनवर गेली. त्या मशीनमध्ये धाग्याचा मार्ग ठरलेला असतो: क्रीलवरून निघायचं, रोलरमधून हीटरमध्ये जायचं, तापून कूलिंग प्लेटवर निवायचं, स्पिंडलमध्ये पीळ घ्यायचा आणि शेवटी बॉबिनवर जाऊन बसायचं. एक गाईड चुकला तरी धागा तुटतो. शिफ्टमागून शिफ्ट माणसाने असा एकच मार्ग बघितला, की सुट्टीच्या दिवशी त्याचं डोकं चौफेर उधळणारच, असा माझा कयास आहे. काकूंचा कयास वेगळा आहे. त्या म्हणतात, "लग्नातसुद्धा वरात चुकीच्या गल्लीत नेली होती. तेव्हा कुठे होतं मशीन?"

घरी पाहुणे येणार असले तर पत्ता काकूच फोनवर सांगतात. एकदा काकांनी सांगितला होता. वापी स्टेशनपासून रिक्षा, मग नदीच्या पुलाअलीकडून एक, पलीकडून एक, आणि 'वेळ असेल तर' आणखी एक असा. पाहुणे संध्याकाळी पुन्हा वापी स्टेशनलाच पोचले आणि तिथूनच त्यांनी परतीचं तिकीट काढलं.

आता डोंगरावरचे काका. हरिश्चंद्रगड घ्या, कारण रूटच्या वादाला महाराष्ट्रात याच्याइतका सुपीक डोंगर नाही. पाचनईकडून सोपी वाट, बायाबापड्या, लेकुरवाळ्या सगळ्या जातात. खिरेश्वरहून टोलार खिंडीने लांबची, दमवणारी. खिरेश्वरहूनच जुन्नर दरवाजाची. खाली कोकणातून, बेलपाड्याकडून साधले घाटाची, आणि तिथूनच नळीची वाट, जी कोकणकड्याच्या बगलेतून दगडधोंड्यांच्या नाळेतून वर येते आणि चढणाऱ्याला दिवसभर आपल्या पापांचा हिशेब करायला लावते. आम्ही काकांबरोबर पाचनईकडून गेलो. वाटभर काका नळीच्या वाटेबद्दल बोलत होते. तिथला कातळ, तिथला पॅच, तिथून दिसणारा कडा. कोकणकड्यावर पोचल्यावर आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे पोटावर आडवे होऊन कड्याच्या ओठावरून खाली बघायला लागलो. खालून वारा तोंडावर येत होता, तळात ढग हलत होते, आमच्यातल्या एकाला कधी नव्हे तो देव आठवला. काका शेजारी आडवे झाले आणि बोट रोखून म्हणाले, "ती बघ नाळ! ती! तिथून आलो असतो तर..."

"तर अजून तिथंच असतो," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

पुढे एका हिवाळ्यात आम्ही खरंच नळीच्या वाटेने गेलो, दोर वगैरे घेऊन, माहितगारांबरोबर. अर्ध्या नाळेत, जिथे श्वासालासुद्धा जागा नव्हती, तिथे एका धोंड्यावर टेकून काकांनी घाम पुसला आणि म्हणाले, "पाचनईकडून वर येताना त्या ओढ्यापाशी जी सावली आहे ना, तिला तोड नाही."

वाट विचारण्याची त्यांची एक पद्धत आहे, ती पाहण्यासारखी असते. पायथ्याच्या वाडीत पोचलं, की पहिल्या घराच्या ओट्यावर टेकायचं. पाणी मागायचं. पीकपाण्याची चौकशी करायची. मग, "मामा, गडावर वाट कुठून जाते?"

"ही काय, समोर. सरळ जावा."

इथे कुठलाही शहाणा माणूस उठतो. काका बसून राहतात. "आणि दुसरी?"

मामांना काही कळत नाही. समोर वाट आहे, ती गडावर जाते, ती माहीत झाली. दुसरी कशाला? पण काका चिवट. पान काढतात, तंबाखू नसते म्हणून दिलगिरी व्यक्त करतात, पुन्हा विचारतात. मग घरातून एखादे आजोबा बाहेर येतात आणि आमच्या काळजाचा ठोका चुकवणारं वाक्य बोलतात: "एक जुनी वाट हाये तशी. पर आता तिकडून कोन जात न्हाई."

काका उभे राहतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज येतं ते पगारवाढीच्या पत्रानेही आलं नसेल. 'कोन जात न्हाई' यातला इशारा ज्याला कळतो तो ट्रेकर. ज्याला ते आमंत्रण वाटतं तो रूटकाका. त्यानंतरचे तास मी सविस्तर सांगत नाही. डोक्याच्या वर वाढलेली कारवी, तिच्यात हरवलेल्या ढोरवाटा, पायाखालून सुटणारा घसारा आणि पुढून येणारा काकांचा आवाज: "बरोबर चाललोय! ही सोंड धरली की पदरात पोचतो, पदर संपला की खिंड!" बहुतेक वेळा पोचतोही. इथे मला काकांच्या बाजूने बोललं पाहिजे. ते वाट चुकतात, पण डोंगर चुकत नाहीत. कुठली धार कुठे उतरते, पाणी कुठल्या अंगाला असणार, कुठल्या कड्याखाली आडवं जायला जागा असेल, हे त्यांना न बघता कळतं. फक्त हे सगळं कळत असताना सरळ वाटेने का जाऊ नये, एवढं कळत नाही.

याचं शास्त्रीय स्पष्टीकरण त्यांच्यापाशी आहे, आणि ते त्यांनी आम्हाला दुधनीला, तंबूसमोर, दिलं. दुधनी सेलवासपासून खानवेलमार्गे चाळीसेक किलोमीटरवर, मधुबन धरणाच्या फुगवट्याच्या काठी. सागाच्या जंगलातून वळणावळणाचा रस्ता, खाली दमणगंगेचं अडवलेलं पाणी, पाण्यात बेटांसारख्या झालेल्या टेकड्या, शिकारे, तंबू. गुजरातेतून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचा रूट ठरलेला असतो आणि त्यात डोंगर नसतो, बाटली असते. तरी दुधनीपर्यंत येणारे बरेच आहेत. काका नुकतेच अमेरिकेहून परतले होते, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ आम्ही कंपूने मुक्काम ठरवला. हिवाळा होता, वाटेत वलसाडकडून आलेल्या एकाने मडक्यात भाजलेलं उंबाडियू आणलं होतं.

गाडीतच काकांनी पहिला वाद काढला, खानवेलच्या नाक्यावर. 1954 चा. त्या वर्षी जुलैच्या शेवटी दादरा आणि नरोली पोर्तुगिजांच्या हातून सुटलं, 2 ऑगस्टला सेलवास मुक्त झालं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही मंडळी त्या लढ्यात होती, ते शाळेपासून ठाऊक. काकांना त्यात रस नाही. त्यांना रस कॅप्टन फिदाल्गोमध्ये. हा पोर्तुगीज अधिकारी आपले शिपाई घेऊन सेलवासहून खानवेलकडे निघून आला आणि 11 ऑगस्टला उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

"उधव्याकडे कशाला जायचं?" काका स्टिअरिंगवरच्या पोराला विचारत होते, जणू फिदाल्गो तोच. "इथे डावीकडे वळायचं ना! दुधनीकडे! तेव्हा धरण नव्हतं. नदीच्या खोऱ्यातून वर घुसला असता, तर आख्खा पावसाळा सापडला नसता."

"काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

"मी रूटच्या बाजूने."

रात्री शेकोटीपाशी अमेरिकेचा विषय निघाला. मुलगा सॅन होजेला आहे. त्याने आईवडिलांना योसेमिटीला नेलं. कॅलिफोर्नियातलं हे राष्ट्रीय उद्यान 1890 सालचं, आणि सगळा मामला ग्रॅनाइटचा.

"म्हणजे आपल्या ओट्याला असतो तो?" कुणीतरी विचारलं.

"तुझ्या ओट्याचा काळा दगड बहुतेक ग्रॅनाइट नसतोच. दुकानदार म्हणतो म्हणून ग्रॅनाइट." काकांनी पहिल्याच घावात एका संसाराची फसवणूक उघड केली. मग काठीने राखेत रेघा ओढत सांगायला लागले. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उघड्यावर पसरला, निवला, त्यावर पुन्हा पसरला, पुन्हा निवला. थरावर थर. त्यामुळे आपला डोंगर कसा, तर कडा, मग पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. पदर आला की डोंगराला बिलगून आडवं जाता येतं, पुढे कुठेतरी घळ सापडते, तिच्यातून वरच्या पदरात. "म्हणून आपल्याकडे एका डोंगराला चार वाटा! देवाने सोय करून ठेवली आहे." ग्रॅनाइट तसा नव्हे. तो जमिनीच्या पोटात सावकाश निवलेला, एकसंध. वरचं ओझं झिजून गेलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि गुळगुळीत घुमट उरतात. वरून हिमनद्यांनी घासून चकचकीत केलेले. "पदरच नाहीत रे! हजार मीटरची भिंत, आणि मध्ये टेकायला कोपराएवढी जागा नाही. एक तर चढ, नाहीतर खाली थांबून फोटो काढ." एल कॅपिटन हा असा नऊशे मीटरचा कडा, त्यावर 2017 साली अ‍ॅलेक्स हॉनल्ड दोराशिवाय चढून गेला, हे आमच्यातल्या पोरांना सिनेमामुळे माहीत होतं. काका त्याच्यावर नाराज होते. "चार तासांत वर गेला. दुसऱ्या वाटेचा विचार करायला वेळ तरी मिळाला असेल का त्याला?"

काकांना हाफ डोम चढायचा होता. अर्धा कापल्यासारखा दिसणारा हा घुमट सुमारे 2,700 मीटर उंच, म्हणजे आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईच्या बराच वर. शेवटच्या टप्प्यात कातळावर दोन तारा लावल्यात, 1919 पासून. त्या धरून, मधल्या लाकडी फळ्यांवर दम खात वर जायचं. आता तिथे परवाना लागतो, तो लॉटरीने मिळतो, आणि दिवसाला तीनशे माणसंच सोडतात. काकांचा नंबर लागला नाही.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. उंबाडियूतला कंद सोलता सोलता त्यांनी बाकीचं सांगितलं, कारण काका ते भाग गाळतात.

मुक्काम करी व्हिलेज नावाच्या ठिकाणी. काकूंना वाटलं जेवणाची सोय झाली. पण ती तंबूंची वसाहत, आणि नाव करी आडनावाच्या कुटुंबावरून. जाताच तिथल्या लोकांनी बजावलं, की अस्वलं येतात, तेव्हा वास येणारी प्रत्येक वस्तू तंबूबाहेरच्या लोखंडी पेटीत बंद करायची. खाणंच नव्हे, टूथपेस्टसुद्धा. काकांची पिशवी उघडली. लसणाची चटणी, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याचे लाडू, हिंगाष्टक, अमृतांजन, निलगिरीचं तेल. वास न येणारी एकच वस्तू निघाली, ती म्हणजे सुताची गुंडी. ती आत राहिली, बाकी सगळं पेटीत. "रात्री डोकं दुखायला लागलं तर अमृतांजन आणायला अंधारात अस्वलाच्या पेटीपाशी जायचं," काकू म्हणाल्या, "म्हटलं दुखू दे."

दुसऱ्या दिवशी लॉटरीविना जाता येईल तेवढं जायचं ठरलं: हॅपी आइल्सपासून मिस्ट ट्रेलने व्हर्नल धबधब्याशेजारून, मग नेव्हाडा धबधब्याच्या माथ्यापर्यंत. धबधब्याच्या तुषारांनी ओल्या झालेल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, सहाशेहून जास्त. उतरायला जॉन म्यूर ट्रेल, लांबची पण सुकी वाट. या दोन्हींना जोडणारी एक मधली वाट क्लार्क पॉइंटला फुटते. म्हणजे तीन पर्याय! काका आदल्या रात्री सूत लावून मोजत बसले होते. सकाळी पहिला फाटा आला. काकांनी पिशवी खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवले, डोंगराकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"बाबा," सून म्हणाली, "बोर्डावर लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. लोखंडी पाटी, त्यात कापून काढलेली अक्षरं, बाण आणि मैल, दशांश चिन्हापर्यंत. पुढच्या फाट्यावर तशीच. त्याच्या पुढच्या फाट्यावरही. त्या उद्यानात बाराशे किलोमीटरच्या आसपास पायवाटा आहेत आणि काकांनी जेवढ्या पाहिल्या त्यांवर वाद घालायला फटसुद्धा नव्हती. ना ओटा, ना मामा, ना 'कोन जात न्हाई'. काकांनी एका उतरणाऱ्या गोऱ्या गृहस्थाला अडवून विचारून पाहिलं, की वर जायला वाट कुठली बरी. त्याने नम्रपणे पाटीकडे बोट केलं आणि दिवस चांगला जावो म्हणाला.

"नेव्हाडाच्या माथ्यावर पोचले तर तोंड एवढंसं," काकू म्हणाल्या. "म्हटलं तब्येत बिघडली की काय. मुलगा विचारतो, बाबा, आवडलं नाही का? तर म्हणतात, छान आहे, पण इथे माझी गरज नाही."

काकांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते तोवर हाफ डोम आणि हरिहरची तुलना करण्यात गुंतले होते, आणि ही तुलना मला त्यांच्या सगळ्या बडबडीत सर्वांत पटलेली आहे. हाफ डोमबद्दल जोसाया व्हिटनी नावाच्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी भूगर्भतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं, की इथे माणसाचं पाऊल बहुधा कधी लागणार नाही. 1875 साली जॉर्ज अँडरसन या स्कॉटिश माणसाने कातळात भोकं पाडत, त्यात लोखंडी कड्या ठोकत, त्यांच्या आधाराने माथा गाठला. आमच्या हरिहरच्या कातळातल्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. शिडीसारख्या खड्या, आणि प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना हाताची बोटं अडकवायला खोबण्या. 1818 साली इंग्रजांनी या बाजूच्या कितीतरी गडांच्या वाटा उडवल्या, हरिहरच्या पायऱ्या मात्र वाचल्या. "आणि कोरणाऱ्याचं नाव? कुणाला माहीत नाही. अमेरिकेत असता तर त्याच्या नावाची पाटी असती, मैलांसकट." हरिहरच्या मागच्या कड्याला मात्र नाव मिळालं, स्कॉटिश कडा, 1986 साली डग स्कॉट तो चढला म्हणून. तो डग स्कॉट नॉटिंगहॅमचा, म्हणजे इंग्लंडचा. खरा स्कॉटिश तिकडे हाफ डोमवर, आणि इकडे स्कॉटिश म्हणून इंग्रज.

हल्ली शनिवार-रविवारी हरिहरच्या त्या पायऱ्यांवर चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची इतकी कोंडी होते की खोबणीत बोटं अडकवून माणसं ताटकळत राहतात. दिवसाला तीनशेचा नियम आपल्याकडेही हवा, असं मी म्हटलं. काका चिडतील असं वाटलं होतं. ते विचारात पडले. "लॉटरी लावा. पण निरगुडपाड्याकडून वेगळी आणि हर्षेवाडीकडून वेगळी."

सकाळी शिकारा घेतला. काकू काठावर थांबल्या, चहा आणि ऊन दोन्ही चांगलं होतं. काका होडीत नाइलाजाने बसले. पाण्यावर वाट नसते, तेव्हा बोलणार काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. नावाडी पन्नाशीचा, पलीकडच्या पाड्यावरचा. त्याने वल्हं मारलं आणि समोरच्या टेकडीकडे सरळ न जाता होडी उगाच डावीकडून वळसा घालून घेतली.

काकांचे कान टवकारले. "सरळ का नाही घेतलीस रे?"

"खाली खोडं हायेत, शेठ. पाणी उतरलंय."

"कसली खोडं?"

"झाडांची. हिथं रान होता. तिकडं शेतं होती. गाव होता. समदा पाण्यात गेला."

"आणि रस्ता?"

"गाडीवाट होती ना. बाप तिच्यावरून बाजाराला जायचा, खानवेलला."

काकांनी पिशवीत हात घातला. आम्ही ज्या नकाशाला इतकी वर्षं हसत आलो, त्या 46 एच ची घडी होडीच्या फळीवर उलगडली. आणि तेव्हा पहिल्यांदा आमच्या लक्षात आलं, की त्यावर धरणच नाही. तो कागद धरणाच्या आधीचा. जिथे आमच्या मोबाइलवर निळा थर होता, तिथे काकांच्या कागदावर दमणगंगा नुसती बारीक रेघ होती, तिच्या दोन्ही अंगांना ठिपक्यांसारखे पाडे, आणि त्यांना जोडत जाणारी तुटक रेघेची गाडीवाट. आम्ही सगळे त्या क्षणी तिच्यावरून तरंगत होतो.

"ही बघ तुझ्या वडलांची वाट," काका नावाड्याला म्हणाले. "नदीच्या डाव्या अंगाने."

"उजव्या."

"कागदावर डावी आहे."

"कागद चुकला असंल. आंब्याखालनं वाट होती, आंबा उजवीकडं."

"अरे, सरकारी कागद आहे!"

"सरकार काय त्या वाटंनं चाललाय? बाप चाललाय."

काकांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि नावाड्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना तोलामोलाचा भेटला होता. वल्हं थांबलं. नावाडी उठून उभा राहिला आणि पाण्यात बोट रोखून आंबा कुठे, विहीर कुठे, नदी उतरायचा घाट कुठे ते दाखवायला लागला. काकांनी सूत काढून कागदावर लावलं. मग तो म्हणाला, पावसाळ्यात ही वाट बंद व्हायची, तेव्हा वरच्या अंगाने एक दुसरी होती.

"दुसरी?" काका म्हणाले.

होडी हळूहळू स्वतःभोवती फिरत होती. आमच्यातल्या दोघांना ऊन लागायला लागलं. एकाने भाडं तासाचं ठरलंय की फेरीचं, याची हळूच चौकशी केली. काठावरून काकूंनी हाताचा कर्णा करून विचारलं, "अहो, निघालात का परत? कुठून येताय?"

काकांनी कागदावरून मान वर केली नाही. "ठरायचंय अजून!" ते ओरडले.